नासपतीला आठ-दहा वर्षं लागतात

माझे यजमान सैन्यातून निवृत्त होऊन घरी आले तेव्हा पन्नाशीला टेकले होते. पोलादपूरच्या वर, महाबळेश्वरकडे चढत जाणाऱ्या डोंगराच्या एका सोंडेवर आमची पंचवीस-तीस घरांची वाडी आहे. मी वाडीखालच्या गावात जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षिका होते. सकाळी अर्धा तास उतरायचं, संध्याकाळी पाऊण तास चढायचं, हे माझं ठरून गेलेलं होतं. वर्षातून दोन महिने सुट्टीवर येणारा माणूस आता कायमचा घरी राहणार, याचं मला आणि कॉलेजात शिकणाऱ्या आमच्या मुलीला फार अप्रूप होतं.

ते पहाटे उठत. दाढी करत. बुटांना पॉलिश करत, बूट घालत आणि पडवीतल्या बाकावर येऊन बसत. मी शाळेला निघाले की तिथं, परत आले की तिथंच, बूट पायात तसेच. पहिले काही महिने वाडीतली माणसं पलटणीच्या गोष्टी ऐकायला येत. मग शेतीची कामं लागली आणि ती यायची थांबली. मधे सहा महिने ते मुंबईत एका सोसायटीवर वॉचमन म्हणून राहून आले. परत आल्यावर एवढंच म्हणाले की दिवसभर गेट उघडायचं आणि लावायचं, त्याला माणूस कशाला हवा. आणि पुन्हा बाकावर बसले.

एका रविवारी मी अंगणात तांदूळ निवडत होते. ते बाकावरून म्हणाले, "मी मेलो तर तुला किती दिवसांची सुट्टी मिळंल गो?"

आवाजात राग नव्हता, रडं नव्हतं. एसटी किती वाजता सुटते असं विचारावं, तसं विचारलं. मी हातातलं सूप खाली ठेवलं आणि काहीतरी बोलले, काय ते आता आठवत नाही. पण त्या दिवसापासून मी संध्याकाळी चढताना वळणावरून आधी पडवीकडे बघायला लागले. बाकावर माणूस दिसला की मगच मला श्वास घ्यावासा वाटायचा.

त्याच हिवाळ्यात त्यांच्या पलटणीतल्या जुन्या जोडीदाराच्या मुलीचं लग्न निघालं. जोडीदार हिमाचलचा. मीच त्यांना जा म्हणून मागे लागले. पंधरा दिवसांनी ते परत आले ते नासपतीची चाळीस रोपं घेऊन. मुळं ओल्या शेवाळात गुंडाळलेली, वरून गोणपाट. आगगाडीतून, मग एसटीतून, मग जीपच्या टपावरून ती रोपं आमच्या डोंगराच्या पायथ्याशी आली आणि तिथून माझ्या धाकट्या दिरांनी ती खांद्यावरून वर आणली. रोपं कसली, नुसत्या काठ्या. एकीलाही पान नव्हतं. वाटेत वाळली असं मला वाटलं.

ते हसले. तीन वर्षांत मी त्यांना तसं हसताना पाहिलं नव्हतं. म्हणाले, "झोपलीत ती. थंडीत झोपतात. शिमग्याला उठतील बघ."

पोस्टिंगवर असताना त्यांनी तिकडच्या बागा भरलेल्या पाहिल्या होत्या, फांद्यांना टेकू द्यावे लागत इतक्या. जोडीदार म्हणाला होता, तुमचाही डोंगरच आहे, थंडी पडते, लावून बघ. थंडी पडते हे खरं होतं. डिसेंबरात आमच्या वाडीवर दुपारपर्यंत शाल अंगावरून निघत नाही. पण थंडीथंडीत फरक असतो, हे आम्हा दोघांनाही तेव्हा माहीत नव्हतं.

घराच्या वर डोंगराचा एक दांड आहे. तिथं आमची वरकस, म्हणजे भात न होणारी, जमीन. पूर्वी सासरे नाचणी करत, नंतर ती गवताखालीच पडून होती. ते आणि दीर तिथं पहार आणि फावडं घेऊन गेले. दीर पहिल्यापासून वाडीतच राहून शेती सांभाळणारे, अबोल, मोठ्या भावाच्या शब्दाबाहेर न जाणारे. त्यांनी कातळाला लागेपर्यंत खड्डे खणले, दगड वेचून बाजूला गडगा घातला, दोरी लावून ओळी धरल्या. चाळीस काठ्या आठ ओळींत उभ्या राहिल्या. झऱ्यापासून काळा पाइप टाकला. मार्चमध्ये सगळ्या काठ्यांना पोपटी पानं फुटली, तेव्हा मला स्वतःला भरून आलं.

पहिल्या पावसाने सहा रोपं गेली. आमच्याकडचा पाऊस त्या झाडांनी कधी पाहिलेलाच नव्हता. मुळांशी पाणी साचलं, साल बुडाशी काळी पडली आणि पानं एका आठवड्यात गळून गेली. त्यांनी भर पावसात डोक्यावर प्लास्टिक घेऊन ओळींच्या मधून चर काढले, प्रत्येक झाडाच्या बुडाशी मातीचा उंचवटा केला. चौतीस वाचली. ते संध्याकाळी चिखलाने भरलेले घरी येत, गरम पाण्याने आंघोळ करत आणि जेवता जेवता झोपत. बाक रिकामा पडला. मी वळणावरून बघायचं सोडून दिलं.

दुसऱ्या वर्षी पावसाळा संपता संपता महाडला आम्हा शिक्षकांचं शाळेच्या परसबागेसाठी दोन दिवसांचं प्रशिक्षण होतं. शिकवायला एक निवृत्त प्राध्यापक आले होते. फळबागांवर त्यांचा जन्म गेलेला. जेवणाच्या सुट्टीत मी त्यांना गाठलं आणि आमच्या झाडांबद्दल विचारलं. मला कौतुक ऐकायचं होतं. त्यांनी वाडी कुठे, किती उंचीवर, रोपं कुठून आणली, तिथं बर्फ किती पडतो, असं एकेक विचारलं. मग ताटावरून हात बाजूला घेतला.

ते म्हणाले, "बाई, त्या जातीच्या झाडाला थंडीचे ठरावीक तास लागतात. तेवढे मिळाले नाहीत तर त्याच्या फुलाचा डोळा जागाच होत नाही. तुमच्याकडे झाडं जगतील, पानं येतील, वाढतीलसुद्धा. फळ येणार नाही."

मी विचारलं, कधीच नाही? पुढे मोठी झाल्यावर?

"कधीच नाही. चुकून चार फुलं येतील एखाद्या वर्षी. मी तुमच्या जागी असतो तर आत्ताच काढून काजू लावला असता."

ते सज्जन होते. वाईट वाटू नये म्हणून त्यांनी मला कमी थंडीवर येणाऱ्या एका जातीचं नाव कागदावर लिहून दिलं. त्याचं कलम मिळवून याच झाडांवर बांधता येईल, पण आमच्या पावसात तेही टिकेल याची खात्री नाही, असंही म्हणाले. तो कागद मी पर्समध्ये ठेवला. परतीच्या गाडीत खिडकीशी बसून मी वाक्यं जुळवत होते. आज रात्री जेवण झाल्यावर सांगायचं. आधी कलमाचं सांगायचं, मग बाकीचं.

गाडीतून उतरले तर यजमान थांब्यावर उभे. मला घ्यायला ते कधी येत नसत. हातात बोटभर लांबीची एक फांदी होती. तिच्या टोकाचा फुगलेला डोळा त्यांनी मला दाखवला. पानाचा डोळा चपटा असतो, फुलाचा गोल असतो, असं त्यांना जोडीदाराने फोनवर सांगितलं होतं. "ह्यो गोल हाय ना?" त्यांनी विचारलं. "तू मास्तरीण, तुझी नजर चांगली. तिथं कुणी जाणकार व्हता काय? काय म्हनाला?"

मी म्हणाले, "होते एक. म्हणाले, नासपतीला वेळ लागतो. आठ-दहा वर्षं लागतात."

हे माझ्या तोंडून इतकं सहज निघालं की मीच दचकले. ते मात्र खूश झाले. माझी पिशवी त्यांनी खांद्याला लावली आणि चढणीला लागले. आठ-दहा वर्षं म्हणजे काही जास्त नाहीत, असं सगळ्या वाटेने बोलत होते. मी मागून चालत होते. आठवडाभरात सांगू, असं मी स्वतःला सांगितलं. मग दिवाळीनंतर सांगू. मग मुलीची परीक्षा झाल्यावर. वर्ष उलटल्यावर माझ्या लक्षात आलं की आता नुसतं झाडांचं सांगून भागणार नाही. मला माहीत होतं आणि मी गप्प राहिले, हेही सांगावं लागेल. त्यानंतर मी दिवस ठरवायचं सोडून दिलं. कागद कधीतरी पर्सबरोबरच गेला.

खोटं एकदा बोलून संपत नाही, ते रोज सांभाळावं लागतं, हे मी त्या दांडावर शिकले. वर्षभर त्या झाडांची कामं असत आणि रविवारी, सुट्टीत, मीही ती करत असे. पावसाळ्याआधी मोरचूद आणि चुना कालवून बुंध्यांना लेप द्यायचा. माझी बोटं आठवडाभर निळी राहत. पावसात चर मोकळे करायचे. पाऊस सरला की गवत कापून आळ्यांत घालायचं. मग गवे यायचे, कोवळे शेंडे खाऊन फांद्या मोडून जायचे. मग कुंपणाला काट्यांच्या फेसाट्या, म्हणजे तोडलेल्या काटेरी फांद्या, लावायच्या. उन्हाळ्यात झरा आटला की पाइप कोरडा पडायचा आणि आम्ही दोघं हंड्यांनी पाणी वाहायचो. गुडघे तेव्हापासून गेले माझे. डोक्यावर हंडा घेऊन चढताना मनात यायचं, मी हे पाणी कशाला नेते आहे ते मला माहीत आहे. पुढे चालणाऱ्या माणसाला माहीत नाही. आणि तो मला मागे वळून विचारतो आहे, दमलीस का गो.

झाडं त्या प्राध्यापकांनी सांगितलं तशीच वागत होती. थंडी पुरेशी नाही म्हणून ती धड झोपत नसत आणि धड उठतही नसत. जानेवारी आला तरी जुनी पानं फांदीला लटकलेली. मार्चमध्ये एका फांदीला पालवी, तर शेजारची नुसती काठी. यजमानांना ते दिसत होतं. जोडीदार फोनवर म्हणे, धीर धर. मग त्यांनीच कुणाकडून ऐकून आणलं की झाडाची पानं हाताने ओरबाडली आणि पाणी तोडलं की त्याला थंडी आल्यासारखं वाटतं. तेव्हापासून दर डिसेंबरात आम्ही झाडं झोपवायला जात असू. ते एका बाजूने, मी दुसऱ्या बाजूने, एकेक पान खुडत. हिरवी, निरोगी पानं. देठाशी चट् आवाज व्हायचा. चौतीस झाडांची पानं खुडायला आम्हाला बारा-तेरा दिवस लागत.

मी एकदा प्रयत्न केला. पाचव्या वर्षी चर काढताना भिजून त्यांना ताप आला आणि तो आठ दिवस उतरला नाही. मी डोक्यावर पट्टी ठेवताना म्हणाले, "सोडून द्या ना ती झाडं. काय अडलंय आपलं?"

ते म्हणाले, "आता? अर्ध्यावर आलो की."

त्यानंतर मी विषय काढला नाही.

सातव्या वर्षी फार कडाक्याची थंडी पडली. वाडीतल्या म्हाताऱ्यांनाही तशी आठवत नव्हती. आणि फेब्रुवारीच्या शेवटी तिसऱ्या ओळीतल्या तीन झाडांना फुलं आली. पांढरी, पाच पाकळ्यांची, मधे लालसर ठिपके, वास फारसा चांगला नाही. सगळी मिळून वीस-पंचवीस झुबके असतील. त्यांनी सगळ्या वाडीला बोलावलं. बायका चढून आल्या, पोरं आली. माझ्या जावेने झाडाला हळदकुंकू लावलं. दीर लांब उभं राहून नुसते बघत होते, त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. यजमान प्रत्येकाला सांगत होते, ही मास्तरीण पहिल्यापासून सांगत होती, आठ-दहा वर्षं लागतात म्हणून.

ते प्राध्यापक चुकले असतील, असं मला त्या दिवशी वाटलं. नुसतं वाटलं नाही, मी ते धरूनच बसले. जाणकार माणसंही चुकतात, आमच्या डोंगराचं त्यांना काय ठाऊक, असं मी स्वतःशी बोलत होते. शाळेत फळ्यावर लिहिताना मधेच मला ती फुलं दिसत. पाच वर्षांत पहिल्यांदा मी त्यांच्या शेजारी मोकळ्या मनाने बसले. आमच्या संसारातला सगळ्यांत सुखाचा महिना कोणता असं कुणी विचारलं तर मी तोच सांगेन.

काही झुबक्यांत फळं धरली. वाटाण्याएवढी, मग गोटीएवढी. मोजून एकोणीस. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात ती गळायला लागली आणि चार दिवसांत संपली. त्यांनी ती गवतातून वेचून स्टीलच्या ताटलीत आणली आणि पडवीत ठेवली. हिरवी, टणक, देठाशी पिवळी पडलेली. मी एक चावून पाहिलं. तुरट लाकूड. ते म्हणाले, पहिलं पीक असंच गळतं, आंब्याचंही गळतं. मी हो म्हणाले. त्या रात्री माझ्या मनात आता खोटंही उरलं नव्हतं आणि आशाही. उरली होती ती फक्त सवय.

त्यानंतर ते आणखीच झटले. जोडीदाराने सांगितलं की उभ्या फांद्या आडव्या केल्या की त्या फळावर येतात. त्यांनी दोऱ्यांना दगड बांधून चौतीस झाडांच्या फांद्या वाकवल्या. त्या वर्षी दांडावर पाय ठेवला की जिथं तिथं दगड लटकताना दिसत.

आठव्या वर्षी शिमगा होऊन मुंबईची माणसं परत गेली, त्याच आठवड्यात वणवा आला. त्या दिवसांत आमच्याकडे राब भाजतात. भाताची रोपं करायच्या जागेवर पालापाचोळा, शेण घालून जाळतात. तिथून निघाला, की कुणाच्या विडीने लागला, कळलं नाही आणि आम्ही शोधायलाही गेलो नाही. शनिवार होता. शाळा सकाळची. मी दुपारी वर पोचले तेव्हा खालच्या अंगाचं गवत धडधडत होतं आणि वारा वर चढत होता.

वाडीतले दहा-बारा पुरुष ओल्या फांद्या घेऊन जाळ झोडपत होते. बायका हंडे आणत होत्या. घरांकडे येणारी आग त्यांनी अडवली. पण एक जीभ दांडाकडे गेली. यजमान आणि दीर तिकडे धावले. त्यांनी कुंपणाबाहेरचं गवत फावड्याने खरवडून मोकळी पट्टी करायला घेतली. मी हंडा घेऊन गडग्यापर्यंत गेले. धूर इतका होता की पुढे जाता येईना. थोड्या वेळाने दीर धुरातून बाहेर आले, खोकत, डोळे लाल. म्हणाले, दादा येत नाही.

मी गडग्यावर चढून हाक मारली, "अहो, या खाली. जळू देत."

धुरात एकदा त्यांचा हात दिसला, थांब असं सांगणारा. मग पुन्हा फावड्याचा आवाज.

त्या वेळी खरं काय ते ओरडून सांगावं, हे माझ्या मनातसुद्धा आलं नाही. आलं असतं तर मी ओरडले असते का, हे मला सांगता येत नाही. मी गडग्यावर उभी राहून नुसत्या हाका मारत राहिले.

आग त्या पट्टीपाशी थांबली. कडेच्या झाडांची पानं करपली, एवढंच. ते स्वतःच्या पायांनी खाली आले. पडवीत बसले, तांब्याभर पाणी प्याले आणि म्हणाले की सगळी वाचली. मग खोकला लागला तो थांबेना. ओठ निळसर दिसायला लागले, छातीत दुखतंय म्हणाले. चादरीची झोळी करून दिरांनी आणि तिघांनी त्यांना रस्त्यावर उतरवलं, तिथून जीपने महाडला.

दवाखान्यात ते तीन दिवस होते. फुप्फुसात धूर गेला होता आणि त्यातच हृदयाला झटका बसला होता. मुंबईला हलवायचं का, यावर डॉक्टर आज-उद्या करत होते. नाकातोंडावर मास्क असल्याने त्यांना फार बोलता येत नव्हतं. मुलगी पुण्याहून आली होती. तिचा हात धरून ते पडून असत. तिसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी मास्क सरकवला आणि मला विचारलं, "तिसरी ओळ?"

मी म्हणाले, "छान आहे. काही झालेलं नाही."

त्यांनी मान हलवली. चार वाजता मी चहा घेऊन आले तेव्हा मुलगी दारात उभी होती. तिच्या चेहऱ्यावरून मला कळलं.

तेराव्यानंतर मुलगी आठ दिवस राहून गेली. त्यानंतर एका सकाळी दीर पडवीत येऊन बसले. बाकावर नाही, खाली पायरीवर. म्हणाले की तुम्हाला एक सांगायचं राहिलंय. वणव्यात धूर अंगावर आला तेव्हा त्यांनी भावाचा हात धरून ओढला होता. जळली तर जळली, दुसरी लावू, असं म्हणाले होते.

"तर दादा काय म्हनाला, ठावं हाय? म्हनाला, दोनच वरसं राहिलीत रे. आता कशी सोडू."

दिरांना हे मला सांगून माझं दुःख हलकं करायचं होतं. भाऊ किती जिद्दीचा होता, ते मला कळावं म्हणून त्यांनी सांगितलं. मी पदराने तोंड झाकलं. मी रडते आहे असं समजून ते उठून गेले. मी रडत नव्हते. आठात दोन मिळवले की दहा होतात, एवढंच मला दिसत होतं. तो हिशेब त्यांनी केला नव्हता. मी त्यांना करून दिला होता.

त्या पावसाळ्यात मी वर गेले नाही. चर बुजले. दीर एकट्याने जमेल तेवढं करत होते, तरी पाच झाडं गेली. डिसेंबर लागला तसा मला तो दांड बघवेना. मी दिरांना सांगितलं, सगळी तोडून टाका. ते म्हणाले, असू देत, काय खायला मागतात का आपल्याकडे. मी पुन्हा सांगितलं, परत परत सांगितलं. शेवटी एका सकाळी ते कुऱ्हाड घेऊन निघाले आणि मी त्यांच्या मागून गेले.

पहिलं झाड पडायला वेळ लागला. लाकूड घट्ट, आतून फिकट गुलाबी. दुसऱ्या झाडापाशी ते थांबले. बुंध्यावर हात ठेवून म्हणाले, "वयनी, नको. यंदा नाय तर पुढल्या वरसाला धरतील. दादाची मेहनत हाय ही."

तेव्हा मी सांगितलं. महाडचं प्रशिक्षण, ते प्राध्यापक, काय म्हणाले ते, थांब्यावर मी काय म्हणाले ते. बाकावर बसून यजमानांनी मला सुट्टीचं विचारलं होतं, तेही सांगितलं. ते दिरांनी ऐकलं की नाही कोण जाणे. सगळं झाल्यावर त्यांनी विचारलं, "दादाला ठावं नव्हतं?"

"नाही."

"आन् तुमाला दुसऱ्या वरसापासून."

मी हो म्हणाले.

ते तोडलेल्या झाडाच्या खोडावर बसले. हातांच्या तळव्यांकडे बघत राहिले. घट्टे पडलेले, भेगाळलेले हात. मग म्हणाले, "मला तरी सांगायचं व्हतं. मी खणत व्हतो ना त्याच्या संगती."

त्यांना सांगितलं असतं तर ते भावापासून लपवू शकले नसते, हे खरं होतं आणि ते बोलून दाखवण्यासारखं नव्हतं. त्यांनी कुऱ्हाड खांद्यावर टाकली आणि ते उतरून गेले. आवाज चढवला नाही. पण त्या दिवसापासून त्यांनी माझ्या पायरीवर पाऊल ठेवलेलं नाही. जाऊ येते, तांदळाची भाकरी, कधी माशाचं कालवण देऊन जाते. तिला त्यांनी सांगितलं असावं, असं तिच्या लवकर निघून जाण्यावरून वाटतं. ती विचारत काही नाही.

मुलीला मी पुढच्या मे महिन्यात सांगितलं. ती समजुतीने म्हणाली, आई, तू त्यांना जगवण्यासाठी केलंस. मी तेच स्वतःला सांगत आले होते. पण दुसऱ्याच्या तोंडून ऐकल्यावर ते पुरेसं नाही, हे कळलं. ती आठ वर्षं ते जगले, हे खरं. कुठल्या गोष्टीवर जगले, हेही खरं. आणि शेवटी कशासाठी धुरात उभे राहिले, हेही तितकंच खरं. माझ्याजवळ या तिन्ही गोष्टी आहेत आणि त्यांची बेरीज मला करता येत नाही. मी बाकावर बसलेल्या माणसाला घाबरले होते. त्या भीतीपोटी मी त्यांच्या हातात एक काम दिलं आणि ते काम कुठे पोचणार नाही हे माझ्यापाशी ठेवलं. त्यांना खरं सांगितलं असतं तर कदाचित ते पुन्हा बाकावर बसले असते. कदाचित हसले असते आणि काजू लावला असता. यातलं काय करणारे ते होते, हे दाखवायची संधी मी त्यांना दिलीच नाही. इतकी वर्षं बरोबर राहून मी त्यांना एवढंच ओळखलं होतं.

मीही आता निवृत्त झाले. मुलगी पुण्याला बोलावते. पावसाळा झाला की येते, असं मी तीन पावसाळे सांगते आहे. दांडावर अकरा झाडं उरली आहेत, बाकीची या पावसाळ्यांत गेली. मी त्यांना पाणी घालत नाही, तोडतही नाही. गवे येतात, फांद्या मोडतात. कुंपण कुठेकुठे पडलं आहे.

मागच्या महिन्यात पोलादपूरच्या बाजारातून परतताना मी डोंगराच्या पायथ्याशी जीपमधून उतरले. तांदळाची पिशवी जड होती. दीर त्याच जीपमध्ये पुढे बसलेले होते, ते मला उतरल्यावर दिसलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, पिशवी उचलली आणि चढायला लागले. मी त्यांच्या मागून गेले. अर्ध्या वाटेवर मला धाप लागली तेव्हा ते थांबले, पण वळले नाहीत. मी पुन्हा चालायला लागल्यावर चालायला लागले. घराच्या वळणाशी त्यांनी पिशवी दगडावर ठेवली. मी म्हणाले, "पाणी तरी घेऊन जा."

"नको," ते म्हणाले. "उजेड हाय तवर गुरं बांधायची हायत."

आणि खालच्या पायवाटेने आपल्या घराकडे गेले.